रानाच्या आत घर की रानाच्या कडेला?

घनदाट जंगलाच्या मुलखात राहायचं ठरलं की पहिला प्रश्न जागेचा. अगदी आत, झाडांच्या गर्दीत, की कडेला, रस्त्याजवळ?

आतली शांतता मला फार प्रिय. पहाटे पानापानावरून ठिबकणारं दव ऐकू येतं. पण तीच दाट सावली सौर पॅनेलला नडते: एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी एका ओळीत जोडलेल्या बाकीच्यांची वीजही घटू शकते. भिंतींना ओल येते, सरपण वाळता वाळत नाही. आणि साप चावला तर? चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय न हलवता, प्रतिविष मिळेल असं रुग्णालय लवकरात लवकर गाठायचं. ओढ्याला पूर आलेला असेल, तर आतून निघणार कसं?

कडेला ऊन मिळतं, गाडी दारापर्यंत येते. मात्र रानडुकरं आणि हरणं शेतात घुसतात ती इथेच, त्यामुळे राखणीच्या रात्री जागाव्या लागतात.

वणव्याची भीती दोन्हीकडे. घराभोवतीचा पाचोळा काढायलाच हवा, छपरावरचासुद्धा.

घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी कडेचीच जागा घ्या म्हणेन. रान तिथूनही चार पावलांवरच असतं.