जुनी वॉशिंग मशीन नवी म्हणून दिली, कापसाच्या पैशाने घेणाऱ्यांनी हे वाचा

यवतमाळकडं किंवा आजूबाजूला कोणी या सीझनला वॉशिंग मशीन घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा अन मगच दुकानात जा.

आमच्या न्हाणीजवळ जागा म्हणजे सव्वादोन फूट रुंद, वर सिमेंटची फळी. वरून झाकण उघडणारी तिथं चालत नाही, अन दोन टबवाली सेमी-ऑटोमॅटिक अडीच फुटाच्या आसपास रुंद राहते, ती तर बसतच नाही. राहिली फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार उघडणारी, ती बहुतेक ६० सेंटीमीटर रुंद न ८५ उंच असते. तालुक्याच्या दुकानात हे माप सांगितलं अन मालक लगेच म्हणे, "दादा, एवढ्या जागेत बसणारा हा एकच पीस उरला, उद्या येसान तर भेटणार नाही." खोक्याची टेप दुबार लावलेली दिसत होती, त्यावर म्हणे चेक करायला उघडलं होतं. डिसेंबर-जानेवारीत कापूस विकला की लोकांच्या हातात पैसा येते हे या लोकायले चांगलं माहीत आहे. आईचे हात थंडीत कपडे धुवून धुवून भेगाळतात, त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा होता हा, म्हणून जास्त राग येते.

कंपनीचा माणूस येऊन मशीन बसवून देते, पण यानं आपलाच पोरगा पाठवला. पहिल्याच दिवशी कपडे पिळताना मशीन अशी आदळली की जागेवरून सरकली. मग मी कंपनीला फोन लावला (नंबर वॉरंटी कार्डावरचाच घ्या, गुगलवर खोटे नंबर खूप आहेत) तर सिरीयल नंबर सांगताच कळलं की याची वॉरंटी आधीच दुसऱ्याच्या नावानं सुरू झालेली आहे.

कंपनीचा टेक्निशियन आला त्यानं सगळं दाखवलं. नव्या फ्रंट लोडच्या मागं ट्रान्झिट बोल्ट असतात, ड्रम प्रवासात हलू नये म्हणून, ते बसवतानाच काढायचे. आमच्या मशीनला ते नव्हतेच, भोकांत आधीपासून प्लॅस्टिकची टोपणं होती, म्हणजे तशीच खड्ड्याच्या रस्त्यानं आणली अन सस्पेन्शन, म्हणजे ड्रमचे झटके झेलणाऱ्या स्प्रिंगा वगैरे, खराब झालं. पाइप लागते तिथल्या जाळीवर पांढरा खार जमलेला. दुकानदार म्हणे कंपनीत टेस्टिंग करतात, पाणी राहतेच. थेंबभर पाणी राहते हे खरं आहे, पण खार काही एका टेस्टिंगमध्ये जमत नाही, तो बोअरच्या पाण्यावर किती तरी धुणं झाल्यावरच बसते.

म्हणून पैसे देण्याआधी खोकं, मशीन अन जीएसटीचं बिल या तिघांवरचा सिरीयल नंबर सारखा आहे का पाहा अन बिलावर तो लिहूनच घ्या. खोकं घरी कंपनीच्या माणसासमोरच उघडा, व्हिडिओ काढा. कच्च्या बिलावर घेऊ नका, दुकानदार भाव कितीही कमी करो.

आम्ही १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, फोटो अन टेक्निशियनचा रिपोर्ट जोडला. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते, दोन वर्षांच्या आत, अन ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. आयोगाचं नाव काढल्यावर दुकानदारानं पैसे परत केले, पण मशीन घेऊन गेला ती आता परत त्याच्याच दुकानात नव्या खोक्यात उभी आहे, माझ्या भावानं डोळ्यानं पाहिली. पांढरी, ६ किलोची, उजव्या कोपऱ्याला खालून छोटा पोचा आहे. कोणाले दाखवली तर मागची भोकं आधी पाहा.