इंडियन ओशनचा ‘कंदिसा’ : दंडारीच्या मुलखातल्या श्रोत्यांसाठी

इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम टाइम्स म्युझिकने २००० साली प्रसिद्ध केला आणि तोवर मोजक्याच रसिकांना ठाऊक असलेले हे चौघे देशभर पोहोचले. गिटारवर सुस्मित सेन, बास गिटारवर राहुल राम, ड्रम्सवर अमित किलम आणि तबला वाजवता वाजवताच गाणारे असीम चक्रवर्ती, असा हा संच. अल्बममध्ये गाणी सातच आहेत, पण भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात राहून ती ऐकणाऱ्याला त्यांतले फारसे काही परके वाटणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

याचे पहिले कारण ठेका. तबला आणि ड्रम्स येथे एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. ड्रम्स लय धरून ठेवतात आणि तबला तिच्या फटींतून बोलत राहतो. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलून धरायची, ही गाण्याची रीत दंडार, म्हणजे पूर्व विदर्भातले लोकनाट्य, पाहत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

‘मा रेवा’ हे नर्मदेचे निमाडी लोकगीत या अल्बमचा प्राण आहे. राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षे काम केले होते आणि तो सहवास त्यांच्या गळ्यातून जाणवतो. गाण्यात तक्रारीचा एक शब्द नाही, नदीचे निव्वळ कौतुक आहे. आणि ज्या नदीवर धरणे उभी राहिली तिचे कौतुक म्हणूनच ते अधिक लागते. वैनगंगेवरच्या गोसेखुर्दच्या बुडितात घर आणि धानाची बांधी (शेत) गेलेल्या, पुनर्वसनाच्या गावठाणात राहायला आलेल्या माणसांमध्ये बसून हे गाणे ऐकले, तर निमाडी न येणारी म्हातारी माणसेही दुसऱ्या फेरीला मान हलवू लागतात.

गोरख पांडे यांच्या भोजपुरी रचनेवरचे ‘हिल्ले ले’ मात्र मला थोडे आवरलेले वाटते. जनतेची पलटण येत असल्याची द्वाही देणाऱ्या गाण्याला मोर्चातला गलका हवा होता. स्टुडिओत तो पुरेसा उतरलेला नाही. ‘खजुराहो’ची लांबीही थोडी कमी चालली असती.

शीर्षकगीत मात्र निर्दोष आहे. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतले हे प्राचीन स्तोत्र गिटारच्या संथ सुरांवर सुरू होते, बराच वेळ घाई करत नाही आणि मग असीम यांचा आवाज त्याला पार वरच्या पट्टीत नेऊन ठेवतो. शब्दांचा अर्थ कळत नसतानाही त्यातली प्रार्थना कळते. असीम २००९ साली गेले. त्यांच्या आवाजाची थोरवी जाणून घ्यायची असेल, तर येथूनच सुरुवात करावी.

एवढेच सांगणे, की हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यात राहुल राम यांचा बास जवळजवळ नाहीसा होतो आणि ‘मा रेवा’चा अर्धा डोलारा त्या बासवरच उभा आहे; साधे इअरफोन लावले तरी पुरे.