सोल ईटर: मालिका बघावी की मांगा वाचावी?

आधी वेळ आणि पैसा. बोन्स स्टुडिओची जपानी अॅनिमेशन मालिका (2008-09) 51 भागांची, म्हणजे साधारण वीस तास. अत्सुशी ओकुबोची मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, 2004 ते 2013 चालली, 25 खंड झाले. खिशाला अर्थातच मांगा जड.

मारामारीत मालिका सरस. नायिका माकाच्या हातात तिचा जोडीदार सोल लांब दांड्याचा विळा होऊन फिरतो, वर दात विचकणारा चंद्र. विक्षिप्त शास्त्रज्ञ श्टाइनशी झुंज तर पुन्हा पुन्हा बघावी अशी. मांगाचं सुरुवातीचं रेखाटन त्यापुढे ओबडधोबडच.

खरी गोम शेवटात. (पुढे रहस्यभेद आहे.) मांगा तेव्हा अर्धवट होती, म्हणून मालिकेने स्वतःचा शेवट रचला. ज्या असुर नावाच्या मुख्य खलनायकाची इतके भाग धास्ती घातली, तो माकाच्या धैर्याच्या एका बुक्कीत गारद! एवढ्यासाठी जागलो? मांगात लढाई चंद्रावर जाते आणि आधी माकाविरुद्ध लढलेल्या क्रोनाच्या वाट्याला मोठा, दुखरा निर्णय येतो. तो पटतो.

नुसती झकास हाणामारी हवी असेल तर मालिका घ्या, तिसेक भागांपर्यंत तरी. कथा तडीस गेलेली हवी असेल तर मांगाच, आणि तीही पहिल्या खंडापासून.