मोरपंखी भिंत आणि आठ लिटरचा हिशोब

इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटचं रंगकाम गेल्या दिवाळीच्या तोंडावर काढलं. सगळीकडे ऑफव्हाइट, फक्त हॉलमधली दिवाणामागची एक भिंत गडद मोरपंखी, हे माझं आधीच ठरलं होतं. माझ्या लग्नातली येवल्याची पैठणी आहे, तिचाच रंग. ठेकेदाराने शेड कार्ड आणलं, मी त्यावर पैठणी धरली आणि अगदी जुळणारी पट्टी सापडली. नंबर वहीत लिहून ठेवला. इथवर सगळं छान.

दिवाळीला बारा दिवस उरलेले, आम्ही दोघंही नोकरीवर, म्हणून काम मालासकट दिलं. "ताई, तुम्ही कशाला दुकानात हेलपाटे घालता, माझ्या ओळखीच्या डीलरकडे डिस्काउंट मिळतो." मग "डार्क शेड आहे, भिंत माल पिते," म्हणत ठेकेदाराने त्या एका भिंतीला आठ लिटर हिशोबात लावले. भिंत केवढी? 14 फूट बाय साडेनऊ, म्हणजे 133 चौरस फूट. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगल्या इमल्शनच्या (ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या रंगाच्या) एका लिटरमध्ये शंभरेक चौरस फुटांना दोन हात सहज बसतात. गडद रंगाला तीन-चार हात लागतात हे खरं, पण चार धरले तरी तीन लिटरच्या आत काम होतं. हा हिशोब मी केला कधी, तर पैसे देऊन झाल्यावर.

काम झालं त्या संध्याकाळी घरी आले तर भिंत हिरवट, शाळेच्या फळ्यासारखी. "लाइट पिवळा आहे ना ताई, सकाळी बघा." मोरपंखीचं तसं होतंही. पिवळ्या दिव्याखाली तो हिरव्याकडे झुकतो, दिवसाच्या उजेडात निळ्याकडे. खोटं त्याने खऱ्यात असं कालवलं होतं की मी गप्प बसले आणि उरलेली रक्कम दिली. सकाळी भिंत निळसर दिसली खरी, पण पैठणीची झळाळी कुठे नव्हती. खडूसारखी कोरडी, मध्येच ब्रशचे फराटे.

भाऊबीजेला आई आली. दिवाणावर भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. उठली तेव्हा तिच्या क्रीम ब्लाउजच्या पाठीवर हा मोठा मोरपंखी डाग. मी ओला रुमाल भिंतीवर फिरवला, तर रुमाल मोरपंखी आणि भिंत पांढुरकी.

दुसऱ्या रंगाऱ्याला बोलावलं. त्याने नखाने खरवडलं आणि म्हणाला, "डिस्टेंपरमध्ये स्टेनर ओतलाय." मग समजावून सांगितलं. डिस्टेंपर म्हणजे स्वस्तातला, खडूसारखा रंग, आणि स्टेनर म्हणजे छटेसाठी त्यात मिसळायचा बाटलीतला गडद रंग. पांढऱ्या रंगाच्या डब्यातून इतका गडद रंग निघतच नाही. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य भरपूर असतं, निळा-हिरवा कितीही ओता, रंग फिकटच राहतो. म्हणून गडद शेडसाठी कंपन्यांचा वेगळा डीप बेस असतो, त्यात हे पांढरं जवळजवळ नसतंच, आणि दुकानातलं मशीन त्यात मोजून रंग सोडतं. आमच्या माणसाने स्वस्त डिस्टेंपरमध्ये स्टेनरच्या बाटल्याच उपड्या केल्या होत्या. एवढा स्टेनर धरून ठेवायची ताकद त्या डिस्टेंपरमध्ये नसते, तो हाताला लागणारच.

मशीनमधून निघालेल्या डब्यावर शेडचा नंबर छापलेलं स्टिकर लावतात. बाल्कनीत आमचे दोन रिकामे डबे पडले होते, महागातल्या इमल्शनचे. स्टिकर एकावरही नव्हतं. झाकण उचकटून पाहिलं तर आत वाळलेला रंग बदामी! कुणाच्या तरी दुसऱ्याच घरचे डबे आणून ठेवले होते. बारा दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी एकदाही झाकण उघडलं नाही.

ठेकेदाराला फोन केला, "दिवाळीनंतर येतो." तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करायला बसले, तर हातात पक्कं बिलच नाही, वहीच्या कागदावरची चिठ्ठी फक्त.

शेवटी भिंत पूर्ण घासून घेतली. खाली राखाडी प्रायमर मारला, म्हणजे गडद रंग कमी हातांत भरतो. या वेळी दुकानात स्वतः उभी राहिले, डबा माझ्यासमोर मशीनखाली लावला, स्टिकरचा फोटो काढला, पक्कं बिल घेतलं. रंग घेतला तीन लिटर, त्यातला अर्धा डबा अजून माळ्यावर आहे.

नवी भिंत पैठणीसारखी दिसते. फक्त स्विचबोर्डच्या मागे दोन बोटं जुना रंग राहून गेलाय. परवा इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, तर त्याची बोटं निळी झाली.