तान्हुल्याचं इसब: खोबरेल, व्हॅसलीन, ओट की ट्यूब?

आधी मुलाचे गाल, कोपरांच्या आणि गुडघ्यांमागच्या घड्या नीट उजेडात बघा. कातडी नुसती कोरडी, खरखरीत, पांढुरकी आहे, की पेटून सुजलीय, खाजवून ओली झालीय? गोऱ्या मुलात पेटलेलं इसब लाल दिसतं, सावळ्या मुलात ते काळपट-जांभळट दिसतं आणि म्हणून बऱ्याचदा नजरेतून सुटतं. कोरडेपणाला सौम्य, घरगुती उपाय छान चालतात. पेटलेल्या इसबाला ते सहसा पुरत नाहीत. आजी खोबरेल लाव म्हणते, डॉक्टर स्टेरॉइडची ट्यूब लिहून देतात, आणि घरात वाजतं ते या दोन अवस्थांची गल्लत झाल्यामुळे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं.

एक खातरजमा मात्र करून घ्या. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. कडेने उठावदार आणि मधे साफ होत गेलेला गोल चट्टा असेल तर गजकर्ण. या दोन्हींवर खालचं काहीही उपयोगाचं नाही.

खोबरेल की व्हॅसलीन

घरातल्या तेलांत खोबरेलाचा पहिला नंबर, आणि हे मी कोकणाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर 8 आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2014 साली आले. त्यात व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेलं खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा (पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलापेक्षा) सरस ठरलं. इसबाच्या कातडीवर ठाण मांडून बसणाऱ्या स्टॅफ जंतूंवरही ते थोडंफार काम करतं. पण खोबरेल म्हणजे बिनवासाचं, लाकडी घाण्याचं किंवा व्हर्जिन. मोगऱ्याच्या वासाचं केसांचं तेल नव्हे. कापूर घातलेलं तर मुळीच नको. खाजेवर कापूर-खोबरेल चोळायची आपल्याकडे जुनी सवय आहे, मोठ्यांना त्याने थंडही वाटतं. लहान मुलाच्या पोटात गेलेला कापूर मात्र आकडी आणू शकतो, आणि या वयाचं मूल हात तोंडात घालणारच.

मालिशसाठी मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल आणलं असेल तर ते स्वयंपाकघरात वापरा. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल भरपूर असतं, आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांना ते मोठ्या माणसांच्या निरोगी कातडीचंही संरक्षक आवरण कमकुवत करतं असं आढळलं. इसबात हे आवरण मुळातच गळकं असतं. बऱ्याच मुलांत फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असतं, हा शोध 2006 चा.

व्हॅसलीन, म्हणजे साधं पांढरं पेट्रोलियम जेली, पाणी कोंडून ठेवण्यात तेलापेक्षा कितीतरी पुढे आहे. वास नाही, रंग नाही, चुरचुरत नाही, आणि स्वस्त. तोटा एकच, चिकचिक. मे महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत ते अंगभर थापलंत तर मूल घामाघूम होईल आणि वर घामोळं येईल. तिथे उन्हाळ्यात अंगाला हलकं क्रीम आणि फक्त खरखरीत जागांवर व्हॅसलीन, असं चालवावं. नागपूरच्या किंवा नाशिकच्या थंडीत उलट, रात्री अंगभर व्हॅसलीनच बरं. (तिथे खोबरेल बाटलीत गोठूनही बसतं.) परदेशात हीटर लावलेल्या घरात राहणाऱ्यांनीही थंडीचाच हिशेब धरावा.

व्हॅसलीनचा एक उपयोग फारसं कुणी सांगत नाही. जेवणाआधी ओठांभोवती आणि हनुवटीला त्याचा पातळ थर द्या. वरण-भात, टोमॅटोचं सार, संत्र्याचा रस आणि लाळ यांनी चुरचुरून गाल फुलतात, ते बरंच कमी होतं.

महागडं क्रीम घ्यावं का?

सेरामाईडवालं (कातडीत मुळातच असणारा स्निग्ध घटक घातलेलं) क्रीम चांगलंच असतं, पटकन जिरतं, कपडे तेलकट होत नाहीत. पण निवड करताना मी आधी प्रमाण बघेन. इसब असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं, असं ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब फार तर दीड दिवसाची! किंमत बघून तुम्ही हात आखडता घेणार असाल तर स्वस्तातलं व्हॅसलीन भरपूर लावणं केव्हाही चांगलं. ब्रिटनमध्येच 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम अशी चौघांची तुलना झाली. 2022 मध्ये निकाल आला, आणि परिणामात लक्षणीय फरक निघाला नाही. जे मूल लावून घेतं आणि तुम्हाला परवडतं, ते घ्या. फक्त वास नसलेलं घ्या. ‘बेबी’ लिहिलेल्या कितीतरी लोशनांत भरपूर सुगंध असतो.

लावायची पद्धत: बरणीत बोटं घालू नका, चमच्याने काढा. पाठीवर, पोटावर ठिपके द्या आणि लव ज्या दिशेने आहे त्या दिशेने हलका हात फिरवा, चोळू नका. व्हॅसलीन मुरलेलं झबलं किंवा चादर पटकन पेट घेते, तेव्हा समई, निरांजन आणि गॅसपासून मूल लांब.

आंघोळ: ओट की उटणं

ओटचं बारीक पीठ कोमट पाण्यात मिसळलं की पाणी दुधाळ होतं आणि खाज थोडी शमते. करून बघायला हरकत नाही, फक्त टब बुळबुळीत होतो म्हणून मुलाला धरून ठेवा. चमत्काराची अपेक्षा नको. ब्रिटनमधल्या 482 मुलांच्या चाचणीत पाण्यात घालायच्या तयार मॉइश्चरायझरांचा काही खास फायदा दिसला नव्हता. फरक पडतो तो पाणी कोमट ठेवण्याने, 5 ते 10 मिनिटांत आंघोळ उरकण्याने, टॉवेलने टिपण्याने आणि अंग ओलसर असतानाच वर सांगितलेलं काही लावण्याने.

उटणं, डाळीचं पीठ आणि साय मात्र या मुलाला नको. घासण्याने कातडी सोलवटते, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: फाटलेल्या कातडीतून खाण्यातली प्रथिनं आत गेली की शरीर त्यांच्याशी वैर धरू शकतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली, असा दाखला आहे. शेगडीची धुरीही बंद, उष्णता आणि धूर दोन्ही इसबाला नडतात. हळद-कडुनिंबाच्या लेपाने काहींची कातडी आणखी बिथरते, आणि कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर घातक ठरतं.

ट्यूबची भीती

पेटलेल्या जागेवर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड, म्हणजे 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं, थोडे दिवस नीट लावणं हे मला तरी महिनोन्‌महिने मुलाला खाजवत ठेवण्यापेक्षा सौम्य वाटतं. झोपमोड, रक्त, पिकलेल्या जखमा याला सौम्य कसं म्हणायचं? प्रमाणही सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि ती बोटांसकट दोन मोठ्या तळव्यांएवढ्या जागेला पुरते. किती दिवस लावायचं आणि कधी थांबायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घाबरायचं ते दुकानात न विचारता मिळणाऱ्या मिसळ ट्यूबला, जिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं कडक स्टेरॉइड एकत्र असतं. अशी बरीच मलमं 2018 मध्ये शेड्यूल एच मध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला नकोत, तरी ती मिळतात. डबीवर नाव-घटक काहीच नसलेल्या ‘जडीबुटी’ मलमाने दोन दिवसांत जादू झाली तर तेव्हाही शंका घ्या. 1999 साली ब्रिटनमध्ये इसबाची 11 चिनी वनौषधी मलमं तपासली, त्यातल्या 8 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं.

दूध, अंडं, गहू आपल्या मनाने बंद करू नका, वाढत्या वयात त्याची किंमत मोजावी लागते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील किंवा उलटी होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

जखमांवर मधासारखी पिवळी खपली धरली, किंवा ताप येऊन एकसारखे बारीक फोड झुबक्याने उठले आणि त्यांच्या जागी खोलगट व्रण पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झुबक्याने येणारे ते फोड हर्पिस या विषाणूचे असू शकतात आणि त्यावर औषध लवकर सुरू व्हावं लागतं. घरात कुणाच्या ओठावर तसे फोड आले असतील तर ते सुकेपर्यंत त्यांनी बाळाचे पापे घेऊ नयेत.