पुस्तकवार की विषयवार? घरच्या बायबल अभ्यासाची आखणी

वचन स्वतःपुरते वाचणे वेगळे आणि प्रार्थनासभेत चार माणसांना उलगडून सांगणे वेगळे. सांगायचे असेल तर दोन वाटा आहेत: एकच पुस्तक धरून शेवटपर्यंत जायचे, किंवा एक विषय घेऊन सगळ्या पुस्तकांतली वचने गोळा करायची. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी पुस्तकच धरावे, असे आमचे ठाम मत आहे.

पुस्तकही लहान घ्या. उत्पत्तीपासून उत्साहाने निघालेले पुष्कळ जण निर्गम या दुसऱ्याच पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाशी, निवासमंडपाची (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची) मापे सुरू झाली की थांबतात. त्यापेक्षा फिलिप्पैकरांस पत्र बरे. अध्याय ४, वचने १०४, मोठ्याने वाचायला वीसेक मिनिटे. पहिला आठवडा रोज एका बैठकीत पूर्ण वाचा, काहीही लिहू नका. पुढचे चार आठवडे एकेक अध्याय. वहीच्या उजव्या पानावर तीनच गोष्टी टिपा: कोण कोणाला सांगतो, काय सांगतो, आणि ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ कुठे येतात. युक्तिवादाचे सांधे याच शब्दांत असतात. डावे पान शंकांसाठी कोरे ठेवा. नंतर मार्कचे शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारे पुस्तक) घ्या. त्याचे १६ अध्याय आठवड्याला एक या हिशेबाने जून ते सप्टेंबरात होतात. मात्र गोव्याच्या पावसाळी हवेत बायबलचा पातळ कागद ओल धरतो आणि जेल पेनची शाई पाठच्या पानावर उतरते. खुणा पेन्सिलीनेच करा.

विषयवार अभ्यास लवकर हाती लागतो. शोकसभेसाठी दोन दिवसांत तयारी करायची असेल तर दुसरा इलाज नाही. धोका असा की शब्दसूचीतून, म्हणजे कोणता शब्द कुठल्या वचनात आहे ते दाखवणाऱ्या यादीतून, वचन सुटे होऊन येते. यिर्मया २९:११ पाहा: हिताचे संकल्प, भविष्याची आशा. परीक्षेच्या, नव्या घराच्या प्रार्थनेत ते हमखास वाचतात. पण ते बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. लगेच आधीच्या १० व्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, आणि ५ व्यात तिथेच घरे बांधा, बागा लावा असे सांगितले आहे. आशा खरी आहे, पण ती लगेच सुटकेची नाही. ऐकणाऱ्याला हे सांगितलेच पाहिजे.

म्हणून विषय घेतलात तर दहा-बाराच संदर्भ काढा, प्रत्येकाच्या मागची-पुढची पाच-पाच वचने वाचा आणि जे टिकत नाहीत ते वगळा. एका संदर्भाला पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी. वीस मिनिटांच्या बोलण्यात तीन चिठ्ठ्या पुरतात. चाळीस वचने वाचून दाखवली तर कुणालाच एकही आठवत नाही.

एका बाबतीत मात्र विषयवार पद्धत सरस ठरते. ‘विश्वास’ हा विषय घेतला की रोमकरांस ४:३ आणि याकोब २:२३ शेजारी येतात. दोन्हीकडे उत्पत्ती १५:६ हेच वचन आहे, तरी रोमकरांस पत्र लिहिणारा पौल कर्मांवाचून नीतिमान ठरण्याबद्दल बोलतो आणि आपल्या पत्रात याकोब उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याबद्दल. हा फरक नीट मांडायला दोन्ही पत्रे आधी अखंड वाचलेली हवीत.

गोव्यात आणखी एक काळजी. अभ्यास मराठीत झाला तरी समोरचे अनेकदा कोंकणीत विचार करतात. कॅथलिक कोंकणीत ‘भावार्थ’ म्हणजे श्रद्धा! ‘या वचनाचा भावार्थ’ म्हणालात तर अर्थ भलताच होईल, ‘अर्थ’ म्हणा. शुभवर्तमानाला तिथे ‘वांजेल’ म्हणतात. त्यांच्या बायबलात पुस्तके ७३, प्रोटेस्टंट मराठी प्रतीत ६६. संदर्भ देण्यापूर्वी ते पुस्तक दोन्हींत आहे ना, पाहून घ्या.

सभेच्या आदल्या रात्री वही मिटून सगळे एकदा कोंकणीत मोठ्याने सांगून पाहा. जिथे अडखळाल ते वचन डाव्या पानावर लिहा आणि सकाळी तेवढेच पुन्हा वाचा.