घरच्या बटाट्यांसाठी बिडाचा खोलगट तवा

वाफ्यातून काढलेले बटाटे भाजायला भांडं शोधत असाल तर बिडाचा दहा इंची खोलगट तवा घ्या. काठ दोन बोटं उंच हवेत आणि मूठसुद्धा बिडाचीच हवी. मी हंगामभर हाच वापरते आहे. पत्र्याचा ट्रे आता फक्त बिस्किटांना लागतो.

बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं, आणि ताज्या बटाट्याची साल अंगठ्याने घासली तरी सुटते. असे ओलसर काप पातळ ट्रेवर पसरले की ट्रे गार पडतो, काप आपल्याच पाण्यात उकडतात आणि खालची बाजू पांढरी, मऊच राहते. बीड तापायला वेळ घेतं, पण तापलं की सहज निवत नाही. सगळा फरक तिथे पडतो.

मी करते तो प्रकार अगदी साधा आहे. बटाटे स्वच्छ धुवायचे, साल काढायची नाही. हिरवट झालेले मात्र बाजूलाच काढायचे, उन्हात उघडे राहिलेले बटाटे खाऊ नयेत. तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या आणि त्या पाण्यात टाकायच्या नाहीत, कारण वरच्या स्टार्चमुळेच थर एकमेकांना धरून राहतात. फडक्याने टिपून घेऊन लोणी-तेल, मीठ, मिरी चोळायची. तव्यात बाहेरून आत, चकतीवर चकती चढवत गोल लावत जायचं. लसूण मधल्या थरात घालायचा, तळाला गेला तर करपून कडू होतो.

मग तवा शेगडीवर मध्यम आचेवर ठेवायचा. पाचेक मिनिटांत कडेने बारीक चुरचुर ऐकू येते, लोणी फेसाळतं आणि बाहेरच्या चकत्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात. तो तवा तसाच झाकून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये. पंचवीस मिनिटांनी झाकण काढायचं आणि पुन्हा तेवढाच वेळ भाजायचं. ताटात उलटा केला की खालचा थर वर येतो, तांबूस आणि कुरकुरीत, सुरी टेकवली की कडकन मोडणारा. आतले थर लोण्यासारखे मऊ. घरच्या बटाट्याला जी मातकट गोडी असते ती यात पुरेपूर उतरते, म्हणून मी चीज घालतच नाही. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे मात्र यासाठी नकोत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आत शिजायच्या आधी बाहेरून काळपट पडतात.

आता अडचणी. तवा दोन किलोंच्या वर भरतो, शिवाय त्यात किलोभर बटाटे. ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी समोरच्या बाजूला दुसरा छोटा कान असलेलाच घ्यावा. मूठ ओव्हनइतकीच तापते, त्यामुळे जाड हातमोजा लागतोच. आधीच मुरवलेला, म्हणजे तेलाचा लेप भाजून बसवलेला, म्हणून विकतात, पण सुरुवातीला चकत्या थोड्या चिकटतात. मी तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, पुसून, तवा पालथा घालून २३० अंशांवर तासभर ठेवते. असं काही वेळा केलं की काळी तुकतुकी येते. टोमॅटोसारखं आंबट यात फार वेळ शिजवू नका, तो लेप उतरतो. सिंकमध्ये भिजत तर अजिबात ठेवायचा नाही. धुतल्या धुतल्या आचेवर कोरडा करायचा, नाहीतर गंज धरलाच.

भाजलेलं त्यातच सोडून देऊ नका. तवा गरमच राहतो, वाफ खाली धरते आणि कुरकुरीतपणा गेला.

आणि विकत घेण्याआधी ओव्हनची आतली खोली मोजा, मुठीसकट तवा मावतो का ते बघा. दहा इंची तवा मुठीसकट सोळा इंचांपर्यंत जातो आणि छोट्या ओव्हनचं दार लागत नाही. तसं असेल तर लांब मुठीऐवजी दोन कानांचा घ्या, भाजण्यात काहीच फरक पडत नाही.